गुडघाभर पाण्यातला मासेमार

सिद्धटेकहून भीमेच्या काठाने खाली निघालं, की कर्जत तालुक्यातच नदी सरते आणि उजनीचा फुगवटा सुरू होतो. धरण १९८० साली पुरं झालं. पलीकडच्या भिगवणचं नाव झालं, रोहित पाहायला गाड्या तिकडेच जातात. नगरकडचा काठ शांत असतो. चित्रबलाक मात्र दोन्हीकडे उतरतात.

चित्रबलाक म्हणजे रंगीत करकोचा. उंची मीटरभर, पसरलेले पंख दीड मीटर. डोकं नारिंगी, बोडकं. चोच पिवळी, टोकाशी किंचित खाली वळलेली. आणि मागे शेपटीजवळ गुलाबी पिसं, रंगपंचमी खेळून आल्यासारखी.

बगळा मासा दिसेपर्यंत ताटकळतो. हा पाहतच नाही. अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात बुडवून तो ती डावी-उजवीकडे फिरवत चालतो, पायाने तळ ढवळतो, मधूनच एक पंख फटकन उघडतो. बिचकलेला मासा चोचीला लागला की चोच मिटलीच. याच्या अमेरिकी भाऊबंदावर १९६०च्या दशकात प्रयोग झाले, तेव्हा ही मिटण्याची क्रिया सरासरी २५ मिलिसेकंदांत उरकते असं आढळलं. आपली पापणी याहून सावकाश लवते.

पण ही कला चालते ती पाय टेकतील तेवढ्याच पाण्यात. तुडुंब भरलेलं ११७ टीएमसीचं धरण त्याच्या फारसं कामाचं नाही. पाणी उतरू लागलं, उजनी ‘मायनसमध्ये’ गेल्याच्या बातम्या आल्या की आपल्या पोटात गोळा येतो; काठावर गाळपेर उघडी पडते आणि डबक्यांत अडकलेली चिलापी याच्या तावडीत सापडते.

घरट्यांचं गणित मात्र उलटं. भादलवाडीच्या तलावात बाभळींवर त्यांची वसाहत असते. झाडांभोवती पाणी असलं तरच मांजरं, कोल्हे पिल्लांपासून लांब राहतात. म्हणजे एकाच पक्ष्याला एकीकडे पाणी ओसरायला हवं आणि दुसरीकडे टिकायला! इंदापुरात तहसील कचेरीच्या चिंचांवरही यांची घरटी असतात. तिथे पाण्याऐवजी माणसांचा वावरच राखण करत असावा, असं मला आपलं वाटतं.

भर उन्हात आई-बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. स्वतःसाठी त्यांचा उपाय वेगळा आहे: पायांवरच पातळ विष्ठा सोडायची, ती वाळताना अंग निवतं. म्हणून पुस्तकातले गुलाबी पाय शोधायला गेलात तर फसाल. उन्हाळ्यात ते चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात.