हौद्यातली शिकवणी

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. अर्थ साधाच, शिकवणं. ‘वस्ताद’ही बाहेरून आलेला, फारसी ‘उस्ताद’चा मराठी अवतार. बेळगावातल्या तालमींना ‘येथे प्रशिक्षण दिले जाते’ अशी पाटी कधी लावावी लागली नाही, कारण ते नावातच आहे. त्याच जागेला कानडीत गरडी मने म्हणतात. निपाणी-चिकोडीच्या बाजूला एकाच पैलवानाच्या तोंडी दोन्ही शब्द असतात, आणि डावांची नावं मात्र बहुतेक एकच.

पहाटेची पहिली शिकवणी कुस्तीची नसतेच, खोऱ्याची असते. रात्रभरात हौद्यातली लाल माती बसलेली असते. ती उकरायची, ढेकळं फोडायची, खडा दिसला तर वेचायचा, मग सारखी करायची. नव्या पोराच्या हातात आधी खोरं येतं. घरच्यांना वाटतं, पोराला फुकट राबवतात. पण उकरणाऱ्याची कंबर, खांदे आणि मनगटं कशी भरतात ते महिन्याभरात दिसतं. शिवाय ज्यानं ती माती स्वतः भुसभुशीत केली, त्याला पडायची भीती कमी. मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवतात. पाठ टेकली तरी खरचटू नये आणि खरचटलंच तर चिघळू नये, एवढा त्यामागचा व्यवहार. पुढं जोर, बैठका, दोरावर चढणं. यालाच तालमीत ‘मेहनत’ म्हणतात. डाव फार नंतर येतात.

इथं नवख्यांची बॅच वेगळी आणि मुरलेल्यांची वेगळी, असं काही नसतं. दहा वर्षांचं पोर आणि गदा जिंकलेला गडी एकाच हौद्यात उतरतात. गोल्फमध्ये नवख्याला कसलेल्या खेळाडूबरोबर खेळता यावं म्हणून हँडिकॅप देतात. त्याचा हिशोब कागदावर ठेवतात. तालमीत हा हिशोब मोठ्या पैलवानाच्या अंगात असतो. तो पोराला पट काढू देतो, ढाक मारू देतो, आणि पोराचा हात जिथं ढिला पडला नेमक्या तिथंच सुटून जातो. तोंडानं एक शब्द नाही. पोराला चूक कळते ती पाठीला माती लागल्यावर. कट्ट्यावर बसलेला वस्ताद मधूनच ‘मान, मान!’ एवढंच ओरडतो. घिस्सा, धोबीपछाड, कलाजंग, एकलंगी ही नावं पाठ करायला दिवस पुरतो. कुठला डाव कुणाच्या बांध्याला, हे ओळखायला वस्तादाचं आयुष्य जातं. माझ्या मते त्याची खरी विद्या हीच.

या पट्ट्यातलं सर्वांत मोठं नाव श्रीपती खंचनाळे. चिकोडी तालुक्यातलं एकसंबा हे त्यांचं गाव. तिथला पोरगा कुस्तीसाठी निघाला की पाय कोल्हापूरकडेच वळायचे. निपाणीहून ते जेमतेम 40 किलोमीटर. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलेलं, आणि मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींचा दरारा. खंचनाळे शाहूपुरीत घडले. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि त्यांचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, तालीम मुंबई राज्यात राहिली. सीमाप्रश्नाचे मोर्चे, सत्याग्रह सुरू असतानाच 1959 साली त्यांनी दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवलं आणि देशाचे पहिले हिंद केसरी झाले. डिसेंबर 2020 मध्ये, 86 व्या वर्षी, ते कोल्हापुरातच गेले. हा माणूस कुणाचा, यावर दोन्ही राज्यांनी खुशाल भांडावं.

परीक्षा होते ती यात्रेच्या मैदानात. हलगी कडाडते, फेटेवाले पंच फिरतात, रोख इनामाची कुस्ती पुकारली जाते. त्याआधीचं काम म्हणजे जोड लावणं. कुणाला कुणाशी भिडवायचं, हे वजनकाट्याशिवाय, नजरेनं ठरतं. हुशार वस्ताद आपल्या पोराला मोठ्या इनामाच्या मोहात पाडत नाही. वर्षभर लहान कुस्त्या खेळवतो. चितपट होण्याची सवय लागली तर गडी मनानं मोडतो, हे त्यानं पाहिलेलं असतं.

मॅटनं हा सगळा हिशोब बदलला. नऊ मीटरचं वर्तुळ, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण. मातीत अर्धा तास खडाखडी करून समोरच्याचा दम काढणाऱ्या गड्याला तिथं पहिल्याच मिनिटात चार गुणांची भरपाई करावी लागते. माती पाय धरून ठेवते, मॅट सोडतं. चपळाईचं गणितच निराळं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरमधली बॉइज स्पोर्ट्स कंपनी मुलांना लहान वयातच निवडून मॅटवर घडवते. तिथं वेळापत्रक आहे, मोजमाप आहे, शाळा आहे, आणि पुढं फौजेतली नोकरी मिळू शकते. गल्लीतल्या तालमीकडे यातलं फारसं काही नाही. खुराकाचा खर्च बापाच्या खिशातून. दूध, तूप, बदाम यांचे भाव पाहता शेतकऱ्याच्या घरात एक पैलवान पोसणं म्हणजे दावणीला आणखी एक म्हैस बांधणंच. म्हणूनच पुष्कळ पोरं विशीच्या आत लांग उतरवतात.

उरतात ते संध्याकाळीही येतात. कान मोडून गोळा झालेले जुने गडी कट्ट्यावर बसतात, हौद्यातल्या जोडीकडे बघत. मध्येच एखाद्याला राहवत नाही. सदरा काढून खुंटीला लावतो, कपाळाला माती लावतो आणि समोरच्या पोराला म्हणतो, ‘धर बघू, कसा धरतोस.’