ओपॅकच्या खिडकीतून – ७ : असूड की आसूड?

महात्मा फुल्यांचे १८८३ सालचे ‘शेतकऱ्याचा असूड’ मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या वाचनयाद्यांत भेटते. विद्यापीठाच्या ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, हे नाव टाइप करावे आणि ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर यावे, हेही नेहमीचेच. पुस्तक बहुधा रॅकवर असतेच. घोडे अडते ते ‘ऱ्या’पाशी.

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी बनतो. एकीत नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक असतो. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निराळे शब्द. नोंद करणाऱ्याचा कळफलक एक तऱ्हा वापरतो, शोधणाऱ्याचा मोबाइल दुसरी, आणि गाठ पडत नाही. जोडक टाकायचा राहून गेला तर रफार होऊन ‘शेतकर्याचा’ अशी तिसरीच नोंद तयार होते. बरे, नुसता ‘असूड’ शोधावा, तर काही आवृत्त्यांवर तो ‘आसूड’ आहे. आणि तालिकाकार शीर्षकपृष्ठावरचे नाव जसेच्या तसे उतरवतो. तेच त्याचे काम.

अशा वेळी शब्द वादाच्या जागेआधीच तोडावा. कोहासारख्या ग्रंथालय-प्रणालीत ‘शेतक’ लिहून त्याला लागून चांदणी (*) द्यावी आणि लेखकाच्या रकान्यात ‘फुले’ टाकावे. जुन्या ग्रंथांना ही युक्ती फार उपयोगी पडते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, पण त्याआधी छापलेल्या शीर्षकपृष्ठांवर ते आहेतच. राजवाड्यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ शोधताना शेवटचे टिंब आठवत बसण्यापेक्षा ‘साधन’वर थांबून चांदणी दिलेली बरी.

नोंद रोमन लिपीत असली तर आपल्याकडे शिस्त फारशी नसते. ‘गाडगीळ’मध्ये आय की दोन ई, ‘भागवत’मध्ये व्ही की डब्ल्यू, हे ज्याने नोंद केली त्याच्या हातावर अवलंबून. येथे दोन्ही रूपे टाइप करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

परदेशात शिकणाऱ्यांची तक्रार उलटी आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ अमेरिकेतल्या विद्यापीठात सापडत का नाही, हा प्रश्न तिकडच्या वाचकांनी विचारला आहे. तिथे शिस्त आहे, आणि ती कडक आहे. पण आधी मराठी पुस्तके तिथे पोचली कशी, ते पाहू. पीएल-४८० कराराखाली भारताने अमेरिकेच्या गव्हाचे पैसे रुपयांत भरले. त्यांतल्या काही रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ साली दिल्लीत कार्यालय उघडले. शिकागोच्या कपाटांत मराठी पुस्तके पोचली ती या वाटेनेही. रेशनचा लाल गहू ज्यांनी खाल्ला, त्यांना हा व्यवहार निदान अर्धा तरी ठाऊक असेल!

या पुस्तकांच्या जुन्या नोंदींत देवनागरी नसते. रोमन असते, तीही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर-तक्त्यानुसार. त्यात ‘च’साठी नुसता सी, आणि सीएच म्हणजे ‘छ’. आपण सवयीने सीएच लिहिले की ‘भालचंद्र’चा ‘भालछंद्र’ होतो. ‘श’साठी खूण केलेला एस, पण ‘ष’साठी एसएच. म्हणून ‘भाषा’त एच हवा आणि ‘शेतकरी’त नको. उच्चारात लोपणारा अकारही लिहावाच लागतो, त्यामुळे ‘समाज’ शेवटी ए घेऊन येतो. अक्षरांवरच्या रेघा आणि खालची टिंबे बहुतेक तालिकांत गाळली तरी चालतात. या हिशेबाने लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र एस-एम-आर-टी-आय-सी-आय-टी-आर-ई असे शोधायचे. ‘मृ’मध्ये आय नाही, ‘चि’मध्ये एच नाही. दिसायला ओबडधोबड, पण एकदा अंगवळणी पडली की आपल्याकडच्या मोकळ्या रोमनपेक्षा ही रीत कितीतरी भरवशाची.

८९१.४६ या मराठी साहित्याच्या वर्गांकाचे प्रकरण या लेखांकात कबूल केले होते. ‘ऱ्या’ने त्याची जागा खाल्ली, ते पुढच्या आठवड्यात. तोवर वाचकांनी आपल्या वाचनयादीतले, पूर्वी ‘सापडले नाही’ म्हणून सोडून दिलेले एक तरी नाव अर्धवट तोडून, चांदणी देऊन पुन्हा शोधून पाहावे.