वेबसाइट बंद पडली तर? होस्टिंग कंपनीशी व्यवहार करताना या गोष्टी आधीच पक्क्या करा

१० मार्च २०२१. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात मध्यरात्रीनंतर ओव्हीएचक्लाउड या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही, पण लाखो वेबसाइट बंद पडल्या. कंपनीचे संस्थापक ऑक्ताव्ह क्लाबा यांनी ग्राहकांना ट्विटरवरून सांगितलं, की तुमची आपत्कालीन योजना सुरू करा. अडचण अशी होती, की अनेकांकडे अशी योजनाच नव्हती. ‘रस्ट’ या ऑनलाइन गेमच्या युरोपातल्या अनेक सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला.

तुमचं छोटं ऑनलाइन दुकान असो, ब्लॉग असो किंवा क्लासची वेबसाइट, हा प्रश्न तुमचाही आहे.

होस्टिंग कंपनी नेमकं काय करते?

तुमच्या वेबसाइटवरचा मजकूर, फोटो आणि ग्राहकांची माहिती ज्या कॉम्प्युटरवर असते, ती जागा कंपनी तुम्हाला भाड्याने देते. सर्व्हर, वीज, इंटरनेट ही तिची जबाबदारी. तुम्ही टाकलेलं प्लगइन बिघडलं किंवा पासवर्ड कोणाच्या हाती लागला, तर साध्या प्लॅनमध्ये ते सहसा तुम्हालाच निस्तरावं लागतं. बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. म्हणून कोणती कामं प्लॅनमध्ये येतात, हे पैसे भरण्याआधीच विचारा.

‘९९.९ टक्के अपटाइम’ म्हणजे काय?

ऐकायला छान वाटतं. पण हिशोब केला तर महिन्याला साधारण ४३ मिनिटं साइट बंद राहिली, तरी कंपनीने शब्द पाळला असंच होतं. त्याहून जास्त वेळ बंद राहिली तर भरपाई काय, तेही करारात वाचा.

तक्रार कशी करावी?

‘साइट चालत नाहीये, लवकर बघा!’ एवढ्यावरून सपोर्टच्या माणसाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘आज सकाळी १०.१५ पासून ऑर्डरच्या पानावर ५०० एरर येतेय. होमपेज उघडतंय. काल रात्री पेमेंटचं प्लगइन अपडेट केलं होतं. मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हींवर तपासलं. स्क्रीनशॉट जोडला आहे.’

एका अडचणीसाठी एकच तिकीट ठेवा. पाच तिकिटं टाकली की पाच वेगवेगळी माणसं पहिल्यापासून सुरुवात करतात. तिकिटात पासवर्ड लिहू नका. आणि काम झालं की दोन शब्द आभाराचे लिहा. समोरही माणूसच असतो.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

वेबसाइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं असेल, तर उद्या त्याच्याशी बिनसलं की तुमचा पत्ताच अडकतो. डोमेन आणि होस्टिंगचं खातं तुमच्या नावावर, तुमच्याच ईमेलवर हवं. तो ईमेल रोज पाहिला जाणारा असावा, नाहीतर रिन्यूअलची सूचना वाचायची राहून जाते.

बॅकअप कुठे ठेवायचा?

स्ट्रासबर्गच्या आगीनंतर एक ग्राहक कंपनी कोर्टात गेली. बॅकअप मूळ सर्व्हरपासून वेगळा ठेवला जाईल असं करारात होतं, प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत होता आणि दोन्ही जळाले. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या लील इथल्या न्यायालयाने ओव्हीएचला एक लाख युरोंहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. लेखी करार होता म्हणून न्यायालयाचा हा निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. जळालेला डेटा मात्र भरपाईने परत येत नाही.

म्हणून कंपनी कितीही चांगली असली, तरी एक बॅकअप तिच्याबाहेर, तुमच्या हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या क्लाउडवर ठेवा. अधूनमधून तो उघडून, त्यावरून साइट पुन्हा उभी राहते का ते तपासा. तेवढं केलेलं असलं, की सपोर्टला फोन करताना आवाज आपोआप शांत राहतो.