कर्करोगानंतरची वाणी

शिरूरच्या जुन्या माणसांच्या तोंडी गावाचे नाव अजूनही घोडनदी असेच येते. गाव ज्या नदीच्या काठी वसले तिचेच नाव गावाला मिळाले. दौंड भीमेच्या काठी आहे, आणि घोड नदी पुढे भीमेलाच जाऊन मिळते. ह्या दोन नावांचा उच्चार आपण एकदा सावकाश करून पाहावा. 'भीमा' म्हणताना दोन्ही व्यंजने ओठांवर तयार होतात. जिभेला काय ते स्वरापुरते वर-खाली व्हावे लागते. 'घोडनदी' म्हणताना मात्र जिभेची चांगलीच धावपळ होते. 'घ'साठी तिचा मागचा भाग वर उचलला जातो, 'ड'साठी शेंडा मागे वळून टाळूला टेकतो आणि 'न' व 'द' यांसाठी तोच शेंडा वरच्या दातांच्या मुळाशी येतो. ही सगळी धावपळ अर्ध्या सेकंदात उरकते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी ज्याच्या जिभेचा पुढचा भाग काढावा लागला, त्याला 'भीमा' बरेचसे नीट म्हणता येते, पण 'घोडनदी' म्हणताना शब्द मोडतो. ह्या मोडलेल्या शब्दाचे पुढे काय करता येते, हाच आजचा विषय आहे.

आपल्या पूर्वजांनी वर्णमालेची मांडणी केली ती उगीच नव्हे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य असे हे पाच वर्ग घशाकडून निघून ओठांपर्यंत येतात. पहिलीतले मूल जे घोकते तो खरे पाहता तोंडाचा नकाशाच आहे. हा नकाशा समोर ठेवला म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कोठे काय अडेल याचा अंदाज सामान्य माणसालाही करता येतो. ओठ व गाल ओढले गेले की प, ब, म यांची ओळ ढिली पडते. जिभेचा शेंडा गेला की त, ट, र, ल आणि आपला लाडका 'ळ' अडतात. जिभेचे मूळ आखडले की क, ग बिघडतात. टाळूला भोक पडले तर हवा नाकावाटे निघून जाते आणि जवळजवळ सगळीच अक्षरे गेंगाणी होतात.

आपल्याकडे हा रोग इतका का, हे सांगण्यास फार शब्द नकोत. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, बायकांच्या दातांवरची मिश्री, गुटखा आणि सुपारी ही त्याची ठळक कारणे होत. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ माणसे तंबाखू चघळणारी वा लावणारी आढळली. गुटख्यावर राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे. पण मळलेल्या तंबाखूला आणि सुपारीला ती लागू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले. २०२२ साली भारतात ओठांच्या व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले असावेत, असा अंदाज आहे. आपल्याकडे चिमूट ठेवली जाते ती गाल आणि हिरडी यांच्यामधल्या घळीत, म्हणून रोगही पुष्कळदा तेथेच धरतो, आणि शस्त्रक्रियेत गालाचा व खालच्या जबड्याचा भाग काढावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ घरांतून असे बोलले जाते की, 'ऑपरेशनमध्ये आवाजच गेला.' आवाज निर्माण होतो तो घशातल्या स्वरयंत्रात. तोंडाच्या शस्त्रक्रियेत त्या यंत्राला बहुधा हात लागत नाही. आवाज शाबूत असतो. बिघडतात ते उच्चार. स्वरयंत्रच काढावे लागते तो रोग निराळा आणि त्याचे उपायही निराळे. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर सूज असेतो श्वासासाठी गळ्यात नळी ठेवतात. तेवढ्या दिवसांत हवा स्वरयंत्रातून वर येत नाही आणि रोगी मुका होतो. नळी निघाली व ती वाट मिटली की आवाज परततो. ही गोष्ट आधी सांगितलेली असली तर रोगी व नातेवाईक दोघेही धीराने घेतात. सांगितलेली नसली तर ते चार-आठ दिवस जन्माचे मुकेपण आले अशा समजुतीत जातात.

काढलेल्या भागाच्या जागी शल्यविशारद हाताची वा मांडीची त्वचा आणि जबड्यासाठी पायातले हाड आणून बसवितात. ही मोठी कारागिरी आहे. पण तिचीही एक मर्यादा आहे. नवी जीभ जागा भरते, स्वतः हालत नाही. हालचाल करायची ती उरलेल्या जिभेने, नव्या भागाला बरोबर ओढीत. त्यानंतर पुष्कळांना किरणोपचार घ्यावे लागतात. ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस असे सहा आठवडे चालतात. त्यांनी लाळ आटते, स्नायू ताठरतात आणि जबडा आखडत जातो. हे आखडणे उपचार संपल्यावरही काही महिने, कधी काही वर्षे चालू राहते. म्हणून 'उपचार संपले' असे डॉक्टरांनी सांगितले की बोलण्याचे काम संपले असे नव्हे. ते तेथून पुढे चालू राहते.

आणि येथेच शिरूर-दौंडकडच्या माणसाची खरी अडचण सुरू होते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तो पुण्यास किंवा मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात जातो. १९४१ साली सुरू झालेले ते रुग्णालय आपल्या खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. तेथे असेपर्यंत डॉक्टर असतात, परिचारिका असतात. मग दौंडचा माणूस गाडीने आणि शिरूरचा एस. टी.ने घरी परततो. जखम भरलेली असते, पण शब्द परत शिकविणारे कोणी जवळ नसते. वाणीचे शिक्षण देणाऱ्यांचा वर्ग आपल्या देशात फार जुना नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ सालची आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ सालची. ह्या तज्ज्ञांना बोलीभाषेत स्पीच थेरपिस्ट म्हणतात. त्यांची गाठ शक्य तर शस्त्रक्रियेच्या आधीच घालून द्यावी, असे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. नंतर प्रत्येक वेळी पुण्यास जाणे जमले नाही, तर मोबाईलवर चेहरा पाहून व्यायाम तपासून घेता येतात.

हे व्यायाम दिसायला साधे आहेत. शल्यविशारदाची परवानगी मिळाली की जीभ बाहेर काढणे, दोन्ही बाजूंना नेणे, वर उचलणे, ओठ मिटून गालात हवा धरणे, जबडा उघडणे येथपासून आरंभ होतो. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. आखडलेल्या तोंडात एकही मावत नाही. अशा वेळी आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरतात आणि तज्ज्ञ सांगतील तशी काही दिवसांनी एकेक काडी वाढवितात. हा व्यायाम दिवसातून एकदाच नेट लावून करण्यापेक्षा थोडाथोडा पुष्कळ वेळा करणे हिताचे असते. त्यापुढे अक्षरे, मग शब्द, मग रोजची वाक्ये. रोजची म्हणजे 'एक दौंड द्या', 'पाणी आण', 'किती झाले?' अशी. ज्या शब्दांवाचून दिवस अडतो त्यांचा पाठ आधी घ्यावा.

ह्या शिक्षणाचे मर्म असे आहे की, पूर्वीचा उच्चार जसाच्या तसा परत आणण्याचा हट्ट येथे धरीत नाहीत. ऐकणाऱ्याला कळेल असा दुसरा उच्चार शोधतात. शेंडा नसेल तर जिभेच्या मधल्या भागाने काम भागविता येते. 'द' दातांवर जमत नसेल तर कोणी तो ओठांनी काढतो, आणि वाक्याच्या ओघात तो 'द' म्हणूनच ऐकू येतो. सावकाश बोलणे, शब्दांत अंतर ठेवणे, तोंड मोठे उघडणे, वाक्य लहान करणे ह्या चार गोष्टींनीच निम्मा फरक पडतो. जीभ आखूड झाल्यामुळे टाळूला पोचत नसेल तर दंतवैद्य टाळूवर एक पट्टी बसवून टाळूच खाली आणतात. टाळूला भोक असेल तर ते कवळीसारख्या पट्टीने बुजवितात. ही युक्ती जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ साली तोंडाचा कर्करोग झाला आणि वरच्या जबड्याचा व टाळूचा भाग काढावा लागला. तेव्हापासून १९३९ साली मृत्यू येईपर्यंत ते अशीच पट्टी घालून बोलत राहिले. पट्टी त्यांना फार त्रास देई. पण रोग्यांशी बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तो तिच्या आधाराने सोळा वर्षे चालविला.

फ्रॉइड दूरचे वाटत असतील तर शेजारच्याच बारामतीचे उदाहरण आहे. श्री. शरद पवार यांना २००४ साली, निवडणुकीच्या धामधुमीत, तोंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दलची खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखविली. त्यांच्या राजकारणाविषयी प्रत्येकाचे मत निराळे असेल. तो येथे विषय नाही. त्यांचे उच्चार पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे ऐकणाऱ्या प्रत्येकास कळते. तरीही १८ ऑक्टोबर २०१९ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, साताऱ्यात भर पावसात त्यांनी सभेपुढे भाषण केले आणि ते साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. ऐकणाऱ्यांनी कान दिला, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. पुढाऱ्यासाठी लोक कान टवकारतात. पण आपल्या आळीतल्या शेतकऱ्यासाठी, रेल्वेतल्या निवृत्त कामगारासाठी, भाजी विकणाऱ्या मावशींसाठी तितका कान आपण देतो काय?

बहुधा देत नाही. घरी पाहुणे आले की त्यांच्या वतीने मुलगा बोलतो. दवाखान्यात डॉक्टरांचे प्रश्न पत्नीला विचारले जातात. बँकेच्या खिडकीपाशी रांग चुळबूळ करते. नातू म्हणतो, 'आजोबांचे काही कळत नाही.' असे महिना-दोन महिने झाले की माणूस बोलायचेच सोडतो. आणि बोलणे सोडले की उरलेली जीभही अधिक आखडते. जे कमाविले होते तेही असे मौनात जाते. तेव्हा रोग्याच्या व्यायामाइतकाच ऐकणाऱ्यांचाही व्यायाम झाला पाहिजे. तो असा: टीव्ही बंद करावा. समोर बसून चेहऱ्याकडे पाहावे. कशाविषयी बोलणे आहे ते आधी विचारून घ्यावे. जेवढे कळले तेवढे आपण परत म्हणावे आणि न कळलेला शब्दच पुन्हा विचारावा. घाईने वाक्य पुरे करू नये. आणि कळले नसता कळल्यासारखी मान कधीही डोलावू नये. बोलणाऱ्याला ते लगेच ओळखू येते, आणि त्याचे मन तेथेच तुटते.

शब्द अडेल तेव्हा हाताशी साधन असावे. त्यात कमीपणा नाही. पाटी, वही, मोबाईलवर लिहिलेली ओळ, सारे चालते. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून ठेवावी व बोलता बोलता प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवावे. पहिले अक्षर डोळ्यांना मिळाले की बाकीचा शब्द कानाला पुष्कळदा उमगतो, आणि बोलण्याची गतीही आपोआप आवरते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे काढावीत.

काही सूचना मात्र दुर्लक्षून चालणार नाहीत. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तज्ज्ञांना सांगावे. गिळण्याची काळजीही तेच घेतात. सुधारत आलेले बोलणे एकाएकी बिघडले, नवा व्रण दिसला किंवा रक्त आले, तर व्यायाम वाढवीत न बसता शल्यविशारदाकडे जावे. तंबाखू आणि सुपारी कायमची सुटली पाहिजे, नाही तर रोग पुन्हा त्याच दारी येतो. आणि ज्यांना अद्याप काही झालेले नाही त्यांनीही दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण दाखविण्यास विलंब लावू नये. रोग लहान असताना कापावे लागते ते थोडे, आणि अक्षरेही थोडीच जातात.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्या गावोगावी दर वर्षी उन्हाळ्यात माणसे संध्याकाळी एकत्र जमतात आणि तासभर शांतपणे दुसऱ्याचे बोलणे ऐकतात. ह्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो योग्यही आहे. पण अस्खलित वक्त्याला तासभर ऐकणे त्या मानाने सोपे असते. आपल्याच गल्लीत कोणी तरी 'घोडनदी' हा शब्द पुन्हा जमविण्याच्या खटपटीत असेल. त्याच्यासमोर पाच मिनिटे बसून, घाई न करता, त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. त्याच्या उपचारातला तेवढा भाग कोणत्याही रुग्णालयात होण्यासारखा नाही. तो आपल्याच हातचा आहे.