आधी विचारा, थर्मामीटर ठेवलाय कुठे

कुठलाही थर्मामीटर फक्त स्वतःचंच तापमान सांगतो. हवेचं नाही, रक्ताच्या पिशवीचं नाही, भट्टीतल्या लोखंडाचंही नाही. ज्या वस्तूला तो टेकलाय तिच्याइतकाच तो तापला किंवा निवला असेल, तरच त्याचा आकडा त्या वस्तूचा. अंधेरीच्या एका लॅबमध्ये मी कॅलिब्रेशनचं काम करते, म्हणजे थर्मामीटर खरं बोलतात की नाही ते तपासते. त्यातला निम्मा वेळ आकडा आला कुठून, हे शोधण्यातच जातो.

मे महिन्यात घाटकोपर स्टेशनच्या पुलावर घामाघूम झालेला माणूस मोबाइल दाखवून म्हणतो, "चौतीस म्हणे! काहीतरीच." वेधशाळा आकडे दाबते, अशी त्याची खात्री असते. पण वेधशाळेचा थर्मामीटर पुलावर नसतो. बातम्यांत मुंबईचे दोन आकडे येतात, कुलाब्याचा आणि सांताक्रूझचा. दोन्हीकडची पद्धत एकच: पांढरी लाकडी पेटी, बाजूंना दुहेरी झडपा, जमिनीपासून साधारण चार फूट उंच, दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. थर्मामीटर उन्हात धरला तर तो सूर्याची किरणं पिऊन हवेपेक्षा जास्त तापतो. म्हणून ही सगळी खटपट. पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरची. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा.

पेटीत चार थर्मामीटर असतात. एक साधा. दुसरा कमाल तापमानाचा. त्याच्या नळीला बुंध्यापाशी चिमटा असतो, त्यामुळे चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. तिसरा किमानाचा, पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा. आत एक बारीक काचेची काडी, जी द्रव आकसताना मागे ओढली जाते आणि तिथेच राहते. चौथा माझा लाडका. त्याच्या बल्बला मलमल गुंडाळलेली आणि मलमलीचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये. पाणी उडतं तसा बल्ब गार होतो. हवा कोरडी असेल तर खूप गार, दमट असेल तर जेमतेम. नागपुरात मे महिन्यात साधा 44 आणि ओला 24 असू शकतो. आपल्याकडे साधा 34 आणि ओला 28. पुलावरच्या माणसाला छळतो तो हा 28. त्याचा घाम वाळतच नाही, मग अंग निवणार कसं? हवामान खातंही हे जाणतं: उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांना सुरू होतो, किनाऱ्यावर 37 लाच.

कुलाब्याला समुद्राचा शेजार आहे, सांताक्रूझला धावपट्टी आणि उपनगरं. त्यामुळे उपनगरांचा आकडा दुपारी चढा आणि हिवाळी पहाटे उतरता. 28 मार्च 1956 ला सांताक्रूझला 41.7 नोंदले गेले, जानेवारी 1962 मध्ये 7.4. मार्चमधले असे चटके बहुधा पूर्वेकडून कोरडा वारा येतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, त्या दिवशी बसतात. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या कडेला राहणारे सकाळी शाल घेतात ते खोटं नाही; फक्त त्यांची सकाळ सांताक्रूझच्या पेटीत मोजली जात नाही.

आता माझी पेटी, जी घेऊन मी ठिकठिकाणचे थर्मामीटर तपासायला जाते. मेट्रोच्या तपासणीत ती हमखास उघडायला लावतात. एकदा शिपाई म्हणाला, "मॅडम, इतना बड़ा थर्मामीटर? हाथी का बुखार देखोगे?" आत असतो प्लॅटिनमचा प्रोब. शून्य अंशाला त्याच्या तारेचा विद्युतरोध 100 ओहम, शंभर अंशाला 138.5; रोध मोजला की तापमान कळतं. या प्रोबलाही कुणीतरी तपासावं लागतं. त्याची वंशावळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. रोजची पहिली परीक्षा मात्र बर्फाची. डिस्टिल्ड वॉटरचाच बर्फ, कारण साध्या पाण्यातल्या क्षारांनी शून्य खाली घसरतं. तो बारीक किसायचा, थर्मासमध्ये दाबून भरायचा, फटी भरतील इतकंच पाणी घालायचं. तळाशी साचलेलं पाणी काढत राहायचं, कारण पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं आणि ते खाली बसून प्रोबला फसवतं. प्रोब वीतभर आत हवा, नाहीतर बाहेरची ऊब दांड्यातून खाली उतरते. मग थांबायचं. नव्या मुलांना हे थांबणंच जमत नाही.

रक्तपेढीत रक्त 2 ते 6 अंशांत ठेवतात, प्लेटलेट 20 ते 24 मध्ये आणि सतत हलवत. फ्रिजचा सेन्सर तिथे हवेत लोंबकळत नसतो, ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवलेला असतो. दार उघडलं की हवा लगेच गरम होते, पिशवी नाही. बाटली पिशवीसारखी सावकाश तापते.

मरोळच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांत पाऱ्याला आणि ग्लिसरीनला कोण विचारतो! तिथे थर्मोकपल: दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. जोड तापला की किंचित वीज निर्माण होते, हे सीबेकने 1821 मध्ये पाहिलं. के-टाइप तारेवर 850 अंशांना जेमतेम 35 मिलिव्होल्ट मिळतात. आचेत राहून तारा हळूहळू बिघडतात आणि आकडा सरकतो. एका भट्टीवरचे जुने कारागीर लोखंडाच्या लालीवरूनच सांगतात, "ताई, आज मीटर कमी दाखवतोय," आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं.

रंगावरून ताप ओळखण्याची हीच विद्या कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर आली. हर्शेलने 1800 मध्ये प्रिझमच्या लाल पट्ट्यापलीकडे थर्मामीटर ठेवला आणि डोळ्यांना न दिसणारी उष्णता सापडली. कपाळावर रोखलेली बंदूक तीच मोजते. एसी गाडीतून उतरलेल्याचं कपाळ 34 दाखवायचं आणि वॉचमन खुशाल आत सोडायचा. हल्ली हलवायांकडेही या बंदुका दिसतात. त्या मी रिकाम्या चकचकीत स्टीलच्या कढईवर रोखू देत नाही. चकचकीत स्टील स्वतःची किरणं फारशी सोडत नाही, समोरच्या भिंतीची परतवतं. 180 अंशांची कढई 60 दाखवू शकते. बाहेरच्या बाजूला उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका लावायचा आणि बंदूक त्यावर धरायची.