काळा ॲश, हिरवा भुंगेरा आणि मधली पन्नास-साठ वर्षं

परक्या देशातून आलेल्या किडीबद्दल बोलताना आपण सहसा किडीपासून सुरुवात करतो. आज मी टोपलीपासून करणार आहे.

आपल्याकडचे बुरूड बांबू चिरून पट्ट्या काढतात, हे तुम्ही पाहिलं असेल. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातले मूळ रहिवासीही टोपल्या विणतात, पण ते लाकूड चिरत नाहीत, ठोकतात. झाडाचं नाव काळा ॲश. जाई-जुई आणि पारिजातक ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे पाणथळ जागेत वाढणारं झाड. दर वसंतात त्याचं जे लाकूड तयार होतं ते मोठ्या छिद्रांचं, पोकळसर असतं. त्यानंतर उन्हाळ्यात तयार होणारं घट्ट असतं. सोललेल्या ओंडक्यावर कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकत गेलं की पोकळ थर चिरडतो आणि एकेका वर्षाची वाढ लांब पट्टीसारखी सुटून येते. म्हणजे टोपलीतली प्रत्येक पट्टी त्या झाडाचं एकेक वर्ष असते.

मेन राज्यात आणि शेजारच्या कॅनडात पेनॉब्स्कॉट, पासामाक्वॉडी, मिकमॅक, मॅलिसीट हे लोक राहतात. या सगळ्यांना मिळून वाबानाकी म्हणतात. त्यांच्या कथेत ग्लूस्कॅप ॲशच्या झाडात बाण मारतो आणि त्यातून माणसं बाहेर येतात. पुढे याच टोपल्यांवर त्यांची घरं चालली. मेनमधल्या बटाट्याच्या शेतांत काढणीसाठी याच टोपल्या वापरत. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या अक्वेसास्नेमधले मोहॉकही हेच काम करतात. तेव्हा हे झाड त्यांच्यासाठी पूर्वजही आहे आणि पोटापाण्याचं साधनही.

आता कीड. पूर्व आशियातला, सेंटीमीटरभर लांबीचा, पाचूसारखा हिरवा भुंगेरा. अमेरिकेत तो 2002 साली डेट्रॉइटजवळ ओळखला गेला, पण बहुधा त्याआधी दहाएक वर्षं मालाच्या लाकडी खोक्यांतून येऊन पोचला होता. मोठा भुंगेरा पानं कुरतडतो, त्याने फारसं बिघडत नाही. खरी गडबड अळीची. साल आणि लाकूड यांच्यामधल्या थरातून झाडाचं अन्न वाहतं, आणि अळी नेमकी तिथेच नागमोडी बोगदे पाडते. झाड काही वर्षांत उपाशी मरतं. आशियातले ॲश या किडीसोबत हजारो वर्षं वाढले, त्यांच्यात प्रतिकार आहे. अमेरिकेतल्या झाडांनी ती कधी पाहिलीच नव्हती, आणि काळा ॲश त्यांतला सगळ्यांत नाजूक. 2017 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. 2018 मध्ये भुंगेरा मेनमध्ये सापडला. तो स्वतः थोडंच अंतर उडतो. शेकडो किलोमीटर त्याला नेतो तो माणूस, जळाऊ लाकडाबरोबर.

उपाय आहेत. खोडात कीटकनाशक टोचता येतं, पण एकेका झाडाला, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. रस्त्याकडेच्या झाडांना ते ठीक, पण दलदलीतलं अख्खं रान कसं टोचणार? अळ्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आशियातून आणून सोडल्या जातात; त्यांचा जम बसायला वेळ लागतो. म्हणजे बहुतेक मोठी झाडं जाणार, हे धरूनच चालावं लागतं.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. आज बी पेरलं तर टोपलीजोगं झाड तयार व्हायला काही दशकं लागतात. मोठी झाडं गेली आणि नवी अजून आली नाहीत, अशी मधली पन्नास-साठ वर्षं राहतात. एवढ्या काळात ठोकणारा हात आणि झाड पारखणारी नजर दोन्ही विसरली, तर पुढे जंगल परत आलं तरी टोपली परत येणार नाही. किडीचा अभ्यासक विचारतो, हा भुंगेरा थांबवू कसा? विणणारे विचारतात, मधली वर्षं ओलांडायची कशी? या दुसऱ्या प्रश्नामुळे कामाची दिशाच बदलली.

पहिलं काम बियांचं. काळा ॲश दर वर्षी बी धरत नाही. दोन चांगल्या हंगामांत अनेक वर्षं जाऊ शकतात. त्यामुळे बी आलं की तेव्हाच गोळा करावं लागतं. अक्वेसास्नेत मोहॉकांच्या पर्यावरण विभागाने हे काम बरंच आधी हाती घेतलं. मेन विद्यापीठात जॉन डेगल हे पेनॉब्स्कॉट प्राध्यापक वाबानाकींना, वनखात्याला आणि जमीनमालकांना एकत्र आणून बी जमवणं, झाडांवर नजर ठेवणं, हे काम करतात.

दुसरं काम लाकडाचं. तोडलेले ओंडके पाण्यात बुडवून ठेवले की ठोकण्याजोगे ओले राहतात, हे विणणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. मग प्रश्न आला, आतल्या अळ्यांचं काय होतं? मिशिगनमध्ये वनशास्त्रज्ञांनी विणणाऱ्यांच्या सोबतीने हे तपासलं. साधारण चार महिने पाण्यात राहिलं की अळ्या मरतात आणि लाकूड कामाचं राहतं. 2015 च्या त्या शोधनिबंधावर विणणाऱ्यांचीही नावं आहेत.

तिसरं काम हातांचं, म्हणजे मुलांना शिकवण्याचं. मिशिगनच्या केली चर्च यांनी काळ्या ॲशची एक अंडाकृती टोपली विणली आहे. तिच्या आत एका कुपीत तो भुंगेरा आहे आणि सोबत एक पेन ड्राइव्ह, ज्यात या झाडाबद्दलचं ज्ञान साठवलेलं आहे. ही टोपली आज स्मिथसोनियनच्या कलासंग्रहालयात आहे.

एक चिठ्ठी आली आहे: दुसऱ्या लाकडाची टोपली का विणत नाहीत? प्रश्न रास्त आहे. काही कलाकार इतर साहित्य वापरूनही पाहतात. पण ठोकल्यावर वर्षावर्षाने सुटणारं लाकूड दुसरं सहज मिळत नाही, आणि जिथून आपण आलो असं ज्यांची कथा सांगते, त्यांना 'दुसरं झाड घ्या' हे कोणी सांगायचं? आज बी ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या झाडाची टोपली विणायला मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही हंगाम आला की ते पिशव्या घेऊन दलदलीत उतरतात.