मातीची भिंत आणि सिमेंटचा गिलावा

मंडळी, पावसाळ्याआधी घराची डागडुजी आपण घरच्या घरी करतो. ते चांगलेच. पण मातीची भिंत पक्की व्हावी म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवाल, तर पैसाही जाईल आणि भिंतही.

असे का? मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि उन्हा-वाऱ्याने सोडून देते. सिमेंट ही वाट बंद करते. शिवाय माती ओलीने फुगते, वाळली की आकसते; सिमेंटचा थर मात्र ताठच राहतो. मग चिरा पडतात. पावसाचे पाणी त्यांतून आत शिरते आणि आतच राहते. वरून भिंत ठणठणीत दिसते, पण बुडाशी चिखल झालेला असतो.

म्हणून बोटाने गिलावा वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर तो सुटला आहे असे समजा. भिंत कलली वा फुगली असेल, तर तिच्याजवळ कुणाला झोपू देऊ नका आणि जाणता गवंडी बोलवा. भिंत सरळ असेल, तर उन्हाळ्यात सुटलेला गिलावा हलक्या हाताने काढा. भिंत पुरती वाळू द्या. मग चाळलेली माती, भुसा आणि शेण कालवून, मुरवून लिंपा. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार ठेवा.

गुरुजनहो, दोन सारख्याच ओल्या कच्च्या विटा घ्या. एक उघडी ठेवा, दुसरी मेणकापडात गुंडाळा. दोन दिवसांनी दोन्ही मुलांसमोर फोडा. घरी काय सांगायचे, ते मुलांना आपोआप कळेल.